पाटीवरचं आडनाव

ऱ्होंडा खोऱ्यातल्या इटालियन दुकानांच्या पाट्यांवर पुरुषांची आडनावं असत. सिदोली, राबायोत्ती, कोन्ती, सेर्विनी, फुलगोनी. ज्याचं बालपण दक्षिण वेल्समध्ये गेलं, त्याला ही आडनावं आइस्क्रीमच्या चवीसकट आठवतात. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं तेही बहुतेक पाटी वाचूनच लिहिलेलं असतं: अमुक गृहस्थ आले, त्यांनी पहिलं दुकान घातलं, मग भावाला बोलावून दुसरं. मी ज्या कुटुंबाच्या दुकानात लहानाची मोठी झाले, त्याची गोष्ट मला बायकांच्या तोंडून कळली. ती पुन्हा पुन्हा ऐकताना माझी खात्री होत गेली की पाटी कोणाचीही असो, दुकान बायकांनी जगवलं. त्या कुटुंबाचं नाव मी इथे लिहीत नाही. घरातले सगळे जिला नोन्ना, म्हणजे आजी, म्हणत तिला आम्हीही नोन्नाच म्हणायचो.

माझे बाबा सासवडचे. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समध्ये आले. कोळशाच्या खोऱ्यांत दवाखाना चालवायला तेव्हा तिकडचे तरुण डॉक्टर फारसे राजी नसत. छातीत कोळशाची धूळ बसलेले रोगी, डोंगरउतारावर एकाला एक चिकटून बांधलेली घरं आणि सतत पाऊस. त्या जागा भारतातून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. शेजारच्याच खोऱ्यात, ग्लिनकोरुगला काम करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की जिथे दवापाण्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते कमी मिळतं. बाबा तो लेख जपून ठेवायचे.

दवाखान्यापासून दोन दारं सोडून नोन्नाचं दुकान. पुढे काउंटर, त्यावर गोळ्या-चॉकलेटांच्या काचेच्या बरण्या, मधोमध शेगडी, मागच्या खोलीत उंच पाठीची लाकडी बाकं आणि काउंटरच्या टोकाला वाफ सोडणारा मोठा बॉयलर. त्या वाफेनं दूध फेसाळून केलेली कॉफी, वाफेवर गरम केलेले पाय, गरम बोव्हरिल, व्हिम्टो, सार्सापरिला. दारू नाही. आई मला शाळेतून आणायची आणि बाबांचं काम संपेपर्यंत आम्ही तिथे बसायचो. आईला इंग्रजी वाचता यायचं, पण तिथल्या लोकांचं बोलणं उमगायचं नाही. नोन्ना सावकाश बोलायची, कारण तिनंही ती भाषा मोठेपणी शिकलेली. आईची वेल्समधली पहिली मैत्रीण तिच्या आईच्या वयाची होती.

एकदा नोन्नानं तिला मागच्या अंगणातली जुनी लाकडी बादली दाखवली. आत धातूचा डबा, भोवती बर्फ आणि मीठ, वर फिरवायचा दांडा. आईनं ती लगेच ओळखली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या माहेरी असाच पॉट निघायचा, खडेमीठ आणि बर्फाचा भुगा भरून भावंडं आळीपाळीनं दांडा फिरवायची. नोन्नाच्या सासऱ्यांनी याच पॉटवर धंदा सुरू केला होता. आदल्या रात्री दूध उकळून, अंडी-साखर घालून दाट करायचं आणि पहाटे दांडा फिरवायला घ्यायचा. त्या काळी बर्फ नॉर्वेहून बोटीनं यायचा. दूध घट्ट होईपर्यंत खांदे भरून येत, आणि मग गाडी ढकलत चढण चढायची.

सासऱ्यांची गोष्ट नोन्नाला सासूनं सांगितलेली. ते बार्दीचे. उत्तर इटलीत पार्मा प्रांतात, आपेनाइन डोंगरांत, चेनो नदीच्या खोऱ्यात सुमारे सहाशे मीटर उंचीवरचं हे गाव. तांबूस खडकावर किल्ला, भोवती चेस्टनटची झाडं. जमीन थोडी, पोरं फार, आणि हिवाळ्यात चेस्टनटच्या पिठावर दिवस काढायचे. गावातले पुरुष थंडी पडली की बाहेर पडत. कोणी फ्रान्समध्ये सुतारकी करी, कोणी पेटीचं वाद्य फिरवून पैसे मागे, कोणी भाजलेले चेस्टनट विकी. चालत चालत पॅरिस, मग लंडन. वेल्सच्या कोळशाला जगभर मागणी होती, खाणी वाढत होत्या आणि त्यांच्याबरोबर गावंही. तिथे ज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला चहा-कॉफीची दुकानं घातली त्यांत ब्राकी नावाचं बार्दीचं घराणं होतं. पुढे त्या खोऱ्यांत कोणत्याही इटालियन दुकानाला लोक ‘ब्राकी’च म्हणू लागले.

सासरे आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना आणणाऱ्याला पाद्रोने म्हणत. तो गावी यायचा, आईबापांशी करार करायचा: मुलगा दोन-तीन वर्षं माझ्याकडे राबेल, खाणं-राहणं माझं, मुदत संपल्यावर ठरलेली रक्कम देईन. त्या पोरांना पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडी ओढावी लागे, आणि झोपायला दुकानामागची खोली. त्याच पाद्रोनेनं पुढे सासऱ्यांना पहिल्या दुकानासाठी पैसे उसने दिले, म्हणून घरात त्याचं नाव आदरानं घेतलं जाई. मला तो आदर कधी पटला नाही. बारा वर्षांच्या मुलाची दोन वर्षं घेऊन त्याला पुढे कर्ज देणारा माणूस उपकारकर्ता कसा, असं मी नोन्नाला विचारलं होतं. ती म्हणाली, “घरी राहिला असता तर काय खाल्लं असतं, ते सांग.”

दुकानाची खरी भरभराट रविवारनं केली. वेल्समध्ये १८८१ च्या कायद्यानं रविवारी दारूचे गुत्ते बंद. सकाळ-संध्याकाळ चॅपलमध्ये प्रार्थना, आणि त्यानंतर तरुण मुलामुलींना जायला जागाच नाही. फक्त इटालियनाचं दुकान उघडं. वडीलधाऱ्यांना ते खपत नसे. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातला, १६७७ चा, रविवार पाळण्याचा कायदा उकरून काढून या दुकानदारांवर खटले भरले जात. दंड पाच शिलिंग. सासरे तो भरायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा दार उघडायचे. सासू तो हिशेबाच्या वहीत भाड्याखाली मांडायची. मागच्या खोलीतल्या उंच बाकांवर किती लग्नं जमली असतील! बाबांच्या रोग्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या जोडप्यांनी एकमेकांना पहिल्यांदा तिथेच नीट पाहिलं होतं, एका गरम व्हिम्टोवर तासभर बसून.

नोन्नाचं स्वतःचं लग्न मात्र बार्दीत ठरलं. नवरा वेल्समध्ये जन्मलेला, इटालियन बोलला की गावातली पोरं हसत. १९३२ च्या उन्हाळ्यात तो बार्दीला आला. नोन्नाच्या वडिलांची छोटी खाणावळ होती. जत्रेच्या दिवशी तिथे फार गर्दी झाली, तेव्हा हा पाहुणा गुपचूप उठला आणि फडकं घेऊन टेबलं पुसू लागला. कोणी सांगितलं नव्हतं. “तेव्हाच ठरवलं,” नोन्ना म्हणायची, “दुसऱ्याचं टेबल न सांगता पुसणारा माणूस घरी बसून हुकूम सोडणार नाही.” तो अंदाज खरा ठरला. भांडणं पुष्कळ झाली, सगळी उधारीवरून.

उधारीची सुरुवात तिच्या येण्याआधीची. १९२६ च्या मे महिन्यात देशभरचा संप नऊ दिवसांत मोडला, पण खाणकामगार वर्षअखेरपर्यंत, सात महिने, कामावर गेले नाहीत. खोऱ्यात पैसाच नव्हता. सासू गिऱ्हाइकांना माल देत राहिली आणि वहीत लिहीत राहिली. दूधवाल्याचं देणं थकलं, दुसरं दुकान विकावं लागलं. नोन्ना आली तेव्हा मंदी होती. बेकार माणसं सकाळी एक कप चहा घेऊन शेगडीपाशी बसत आणि दुपार उलटली तरी तो कप संपत नसे. नवरा म्हणे, यांना उठवायला हवं. सासू आणि सून दोघी म्हणत, बसू दे, घरी कोळसा नाही त्यांच्या. कोळसा खणणाऱ्याच्या घरी कोळसा नसावा, हे नोन्नाला कधी समजून घेता आलं नाही.

मग १० जून १९४०. संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की मुसोलिनीनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या रात्री लंडन, लिव्हरपूल, एडिंबरा, कार्डिफ, स्वान्सी, सगळीकडे इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. नोन्नाच्याही. सासूसासऱ्यांना घेऊन ती वरच्या खोलीत दिवा न लावता बसली होती, पोटात दुसरं मूल. त्यांना खालचे आवाज ओळखू येत होते.

पहाटे पोलीस आला. रोज चहाला येणारा. त्यानं टोपी काढली, सासऱ्यांना कोट घालू दिला, सासूनं पाव बांधून दिला तो घेऊ दिला. सोळा ते सत्तर वयाच्या आणि वीस वर्षांपेक्षा कमी काळ ब्रिटनमध्ये राहिलेल्या इटालियन पुरुषांना पकडायचं असा हुकूम होता. सासऱ्यांना तर येऊन चाळीस वर्षं उलटलेली. पण दुसरी एक यादी होती, फाशिओच्या सभासदांची, आणि तीत त्यांचं नाव होतं. हा भाग झाकून गोष्ट सांगणं मला मान्य नाही. तिसाच्या दशकात परदेशातल्या इटालियनांसाठी फाशिस्ट सरकारनं क्लब काढले, मुलांना उन्हाळ्यात इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. बरेच जण पत्ते खेळायला आणि आपल्या माणसांत बसायला सभासद झाले. काहींना मुसोलिनीचा खरोखर अभिमान होता. सासरे कोणत्या गटातले, असं मी विचारलं तेव्हा नोन्ना बराच वेळ थांबून म्हणाली, “थोडे थोडे दोन्ही.” पण त्यांच्यावर ना आरोप ठेवला गेला, ना चौकशी झाली. यादीतल्या कोणालाच बोलायची संधी मिळाली नाही.

त्यांना लँकशायरमध्ये बरी गावाजवळच्या वॉर्थ मिल्स या मोडक्या कापडगिरणीत ठेवलं, आणि तिथून लिव्हरपूलला नेऊन ‘अ‍ॅरँडोरा स्टार’ या बोटीवर चढवलं. एकेकाळी श्रीमंतांना समुद्रसफरीला नेणारी बोट, आता डेकवर काटेरी तारा. इटालियन आणि जर्मन मिळून बारा-तेराशे कैदी घेऊन ती कॅनडाला निघाली होती. कैदी आहेत अशी कोणतीही खूण बोटीवर नव्हती. २ जुलैच्या सकाळी आयर्लंडच्या वायव्येला जर्मनांच्या यू-४७ या पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला आणि पस्तीसेक मिनिटांत बोट बुडाली. सुमारे आठशे माणसं गेली, त्यांत साडेचारशेच्या आसपास इटालियन. वेल्समध्ये राहणारे त्रेपन्न, बहुतेक बार्दी भागातले. ‘सेंट लॉरेंट’ या कॅनडाच्या विनाशिकेनं वाचलेल्यांना उचललं. त्यांतल्या अनेकांना थोड्याच दिवसांत ‘डुनेरा’ बोटीनं ऑस्ट्रेलियाला धाडलं.

वर्तमानपत्रांत छापून आलं की इटालियन आणि जर्मन होड्यांसाठी आपसांत मारामारी करत होते, म्हणून इतके बुडाले. वाचलेल्यांनी नंतर हे खोटं ठरवलं, पण नोन्नाच्या सासूनं ते काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या हातातल्या पेपरात, वाचून दाखवलेलं ऐकलं होतं. नवरा जिवंत आहे की नाही याचं पत्र यायला त्यानंतर कितीतरी आठवडे गेले. पुढे अनेक प्रेतं आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांना लागली. सासऱ्यांचं सापडलं नाही.

आणि त्याच वेळी त्यांचा मुलगा, नोन्नाचा नवरा, ब्रिटिश सैन्यात होता. जन्मानं ब्रिटिश, म्हणून भरती. इटालियन आडनावाच्या कितीतरी मुलांना पायोनियर कोअरमध्ये घातलं होतं, म्हणजे रस्ते खणा, सामान उचला. नोन्ना त्या काळच्या कायद्यानं नवऱ्यामुळे ब्रिटिश ठरलेली. सासू मात्र शत्रुदेशाची नागरिक. रात्री घराबाहेर पडायला बंदी, सायकल ठेवायला बंदी, पोलीस ठाण्यात हजेरी. एका छपराखाली दोन बायका, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा तोच, आणि सरकारदरबारी दोघी दोन पक्षांच्या.

काचा फुटल्या त्या रात्रीनंतरच्या सकाळी नोन्नानं त्या झाडल्या, शेजारच्या खाणकामगारानं फळ्या आणून ठोकल्या, आणि सात वाजता दुकान उघडलं. बंद ठेवावं असं वाटलं नाही का, असं आईनं विचारलं होतं. नोन्ना म्हणाली की एकदा बंद केलं असतं तर पुन्हा दार उघडायचा धीर झाला नसता. शिवाय दूध आलेलं होतं. साखरेवर रेशन होतंच. १९४२ मध्ये आइस्क्रीम बनवण्यावरच सरकारनं बंदी घातली आणि ज्या वस्तूवर दुकान उभं होतं तीच गेली. उरलं बोव्हरिल, चहा आणि बटाटे. पुढची वर्षं दोघींनी त्यावर काढली. सासू मागच्या खोलीत, सून काउंटरवर, बाळ बटाट्याच्या रिकाम्या पेटीत.

नवऱ्याची पत्रं इंग्रजीत यायची. इटालियनमध्ये लिहिलं तर तपासणीत अडकतील ही भीती. नोन्नाला इंग्रजी वाचता येईना. मग गणवेशातल्या पोरींपासून चॅपलमधल्या बायांपर्यंत जे कोणी चहाला येई, त्याच्याकडून ती पत्र वाचून घ्यायची. सगळ्या रस्त्याला ठाऊक असे की त्याला तिची किती आठवण येते, आणि त्याला कोणत्या भाजीत मीठ कमी वाटतं. ती लाजायची नाही. पत्र दोघातिघांकडून वाचून घेतलं की शब्द पाठ व्हायचे, आणि मग रात्री ती कागदावर बोट ठेवून ते ओळखायची. ती इंग्रजी वाचायला अशी शिकली. माझ्या माहितीतल्या प्रेमकथांत याहून मोठी मला माहीत नाही, आणि ती काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या मदतीनं घडली याचं मला आजही कौतुक वाटतं.

बाबांनी एकदा तिला पुरंदरची गोष्ट सांगितली. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन आणि इतर ‘शत्रुदेशीय’ नागरिकांना पुरंदर किल्ल्यावर आणून ठेवलं होतं. कित्येक तर हिटलरच्याच तावडीतून सुटून आलेले. माझे आजोबा सासवडचे, त्यांना गडावर भाजी पोचवणारी माणसं माहीत होती. आजोबा सांगत की त्या गोऱ्यांची मुलं तटावर उभी राहून खाली बघत असत आणि गावातल्या लोकांना कळत नसे की गोऱ्यांनीच गोऱ्यांना कशाला कोंडलं. नोन्नानं त्यांना जेवायला काय मिळायचं ते विचारलं. बाबांना सांगता आलं नाही, याची त्यांना फार रुखरुख लागली. पुढच्या सुट्टीत सासवडला जाऊन त्यांनी म्हाताऱ्यांना गाठून विचारलं आणि परत येऊन तिला सांगितलं.

युद्धानंतर नवरा परत आला, उधारीवरची भांडणं पुन्हा सुरू झाली. नवी यंत्रं आली, मुलगा मोठा झाला, त्यानं चॅपलमधल्या वेल्श मुलीशी लग्न केलं. दोन्हीकडून विरोध झाला आणि तो फार टिकला नाही. ती सून आइस्क्रीमचं प्रमाण सासूपेक्षा चोख राखायची. नोन्नाचा नवरा मी फार लहान असताना गेला. मला फक्त त्याचं फडकं आठवतं, खांद्यावरचं.

मला स्वतःला लख्ख आठवतो तो १९८४-८५ चा संप. मी तेव्हा मोठ्या शाळेत होते. वर्षभर खाणी बंद, आणि दक्षिण वेल्समधली माणसं शेवटपर्यंत जवळजवळ एकसंध राहिली. बायकांचे गट उभे राहिले, ते गावोगाव जेवणं करत होते, शिधा वाटत होते. दुकानाची भट्टी त्यांना मोकळी करून दिली होती. मुलगा म्हणाला, उधारी नको, बँकेचे हप्ते आहेत, आणि त्याचं चुकत नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या नोन्नानं काही उत्तर दिलं नाही. सुनेनं नवी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. आईही त्या स्वयंपाकात होती. तिच्या डाळीला आधी कोणी हात लावेना, मग पातेलं पुरेना. पुढच्या मार्चमध्ये कामगार बँड वाजवत, झेंडे घेऊन खाणीवर परत गेले, तेव्हा नोन्ना दारात खुर्ची टाकून बसली होती. ऱ्होंडातली शेवटची खाण, मेर्डीची, १९९० मध्ये बंद झाली. त्या वर्षांत खोऱ्यातली इटालियन दुकानंही एकामागून एक मिटली. शिकलेल्या नातवंडांना सोळा तास उभं राहायचं नव्हतं, आणि नोन्नालाही त्यांनी ते करावं असं वाटत नव्हतं.

ती गेल्यावर मी बार्दीला जाऊन आले. ऑगस्टमध्ये गेलं तर तिथल्या चौकात निम्मी माणसं वेल्श धाटणीचं इंग्रजी बोलत असतात, सुट्टीला आलेली. कब्रस्तानात बोटीवर गेलेल्यांसाठी बांधलेलं छोटं प्रार्थनाघर आहे. २ जुलै २०१० ला, सत्तर वर्षांनी, कार्डिफच्या सेंट डेव्हिड कॅथेड्रलमध्येही स्मारक उभं राहिलं. त्या दिवशी वेल्श सून घरच्यांना घेऊन गेली होती.

नोन्नाचं दुकान मात्र अजून चालू आहे. नात चालवते. तिनं लिव्हरचं इटालियन कॉफी यंत्र घेतलं, बॉयलर कोपऱ्यात ठेवला, पाटी तीच ठेवली. मध्यंतरी इटालियन कुटुंबांचे कागद गोळा करणारे लोक तिच्याकडे आले होते. तिनं आजोबांची पत्रं दिली, नोन्नाच्या सासऱ्यांच्या नावाचं सरकारी पाकीट दिलं, फोटो दिले. १९२६ च्या आणि १९८४ च्या उधारीच्या वह्या मात्र दिल्या नाहीत. त्या कपाटात कुलपात आहेत. मी कारण विचारलं. तिनं सांगितलं की काचा कोणी फोडल्या ते नोन्नाला ठाऊक होतं आणि तिनं मरेपर्यंत एक नाव घेतलं नाही. त्या वह्यांत ज्यांची देणी राहिली त्यांची नावं आहेत, आणि त्यांची नातवंडं तिच्याकडे कॉफी प्यायला येतात.